डब्यातली सवत

बस गं चांगुणा, गिरणीची लाईट यायला येळ हाय. चिमणी जरा मोठी कर आन् अशी जवळ सरक. मोठ्यानं सांगायची गोष्ट न्हाई ही.

आमचे हे मुंबईला शिनेमाच्या गाण्यांत चेलो वाजवायचे. माणसाएवढं व्हायोलिन म्हण, गुडघ्यांत धरून वाजवायचं. पुढं की-बोर्ड आला, एका पोरानं बोटं फिरवली की चाळीस वाजवणारे घरी. हेबी दौंडला परत आले. मला वाटलं, चला, म्हातारपणी का व्हईना, नवरा घावला.

कसला घावतोय! भाच्यानं दुबईवरनं डबा आणून दिला, पायानं दाबायचा. एकदा वाजवलं की डबा तेच पुन्यांदा पुन्यांदा वाजवत ऱ्हातो. त्यावर हे दुसरं वाजवायचे, त्यावर तिसरं. माणूस एकटा आन् खोलीत चार-चार चेलो. जेवायला हाक मारली तर म्हणायचे, "थांब सुगरा, थर चढतोय." माझ्या अंगाची नुसती आग व्हायची. त्या लाकडाला कवटाळून बसायचे तसं मला कवा धरलं न्हाई, खोटं कशाला बोलू?

एक दिवस दुपारचा चहा घेऊन गेले. थर चालू होते. आन् त्यात... बांगड्या वाजल्या. तारांवरनं गज ओढताना बाईच्या हातात वाजाव्यात तशा.

"आत कोन हाय?"

"कोन असणार? तुझ्याच बांगड्या घेतल्या असतील डब्यानं," हे हसले. पर माझ्याकडं बघून न्हाई.

मग मी भिंतीला कान लावून बसायला लागले. ह्यांची करंगळी मोडलेली, सूर जरा थरथरतो. तिचा सूर मातुर तुपासारखा. आन् हे तिच्यासाठी थांबायचे गं! आपलं वाजवणं अर्ध्यात सोडून, मान कलती करून ऐकत ऱ्हायचे. माझं बोलणं कवा असं ऐकलं?

एका दुपारी लाईट गेली. हे नमाजाला गेलेले. डब्याचा दिवा विझलेला, घर गपगार... आन् आतून चेलो वाजतोय. एकटाच. दाराशी ओल्या मेंदीचा वास.

म्हणलं, माझ्याच बांगड्या वाजतात काय? बघतेच आता. उंबऱ्यावर बसले आन् एकेक उतरवली. नवरा जिता असताना हात उघडे करू नये, आई सांगायची. पर माझं डोस्कं फिरलेलं. तशीच आत जाऊन श्वास धरून हुबी ऱ्हायले.

किण्... किण्... रिकाम्या खुर्चीकडनं.

"ऊठ सटवे!" म्हणलं, आन् डब्यावर पाय दाबून धरला. असं धरलं की सगळं पुसतं, ह्यांनीच सांगितलेलं. सूर थांबला. लई बरं वाटलं बघ.

हे परत आले ते दारातच थबकले. माझ्या तोंडाकडं बघितलं, मग उघड्या हातांकडं.

"बाई... तुम्ही कोन? आमच्या सुगराकडं आलाय का?"

मला चेष्टा वाटली. तर त्या खुर्चीकडं वळून म्हणतात, "सुगरा, पाहुण्या बाईंना चहा टाक की."

डॉक्टर झाले, दर्गा झाला. नव्या बांगड्या भरल्या, त्यांचाबी उपयोग न्हाई. आता मी ह्यांच्या लेखी सैपाकाची बाई. दोन ताटं वाढते, एक ह्यांचं, एक समोर तिचं. आन् हे तिला म्हणतात, "सुगरा, तुझ्या कालवणाची सर कशालाच न्हाई." माझं कालवण, चांगुणा! मी दाराआड हुबी राहून ऐकते आन् जळते.

काल मुद्दाम तिच्या ताटात मूठभर मीठ घातलं. खा म्हणलं, खा.

घटकाभरानं ताटं उचलायला गेले. तिचं ताट चाटूनपुसून साफ. आन् तवापासनं घागरभर पाणी प्याले गं मी... तोंडातला खारटपणा काय केल्या जात न्हाई.