तिसऱ्या रांगेतला सैनिक

प्रगती आणि मी दौंडच्या एकाच ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. कविता मी आधीपासून लिहायचे. ती अलीकडे लिहायला लागली आणि वर्षभरात तिचं नाव झालं. तिच्या युद्धाच्या कवितांबद्दल लोक स्टाफरूममध्ये येऊन बोलायचे. मी हसून ऐकायचे. घरी गेल्यावर घास उतरायचा नाही.

"तुला सुचतं कुठून गं?" एकदा विचारलंच.

"आमच्या राहू गावाला मारुतीच्या देवळात एक भिंत हाय. एकाहत्तरच्या लढाईतनं आल्यावर दगडोबा आबांनी रंगवलेली. तिथं बसून पोथीतला युद्धाचा अध्याय मोठ्यानं वाचते, मग सुचतं." तिनं वही मिटली. "पण आता न्हाई जात मी. तूही जाऊ नको, मोनिका."

वाटेकरी नको होता तिला. रविवारी मी स्कूटी काढली.

एप्रिलचं टळटळीत ऊन. देवळात चुन्याचा आणि जळक्या तेलाचा वास. भिंतभर समोरासमोर दोन सैन्यं, मध्ये रथ. मुकुट, धनुष्यं, शंख. पण तिसऱ्या रांगेत एकाच्या अंगात हिरवट स्वेटर होता, कोपरावर उसवलेला.

आबा पायरीवर बसले होते.

"हा कोण, आबा?"

"माज्या शेजारच्या खंदकातला. मागं ऱ्हायला." ते भिंतीकडे बघत नव्हते. "मी म्हनलो व्हतो त्याला, बदली मानूस घिऊन येतो."

मी अध्याय वाचू लागले. मध्येच अंगावर काटा आला. इतक्या उन्हात थंडी वाजत होती, बोटांना ओल्या मातीचा वास येत होता. आणि ओळी आल्या, आयुष्यात कधी आल्या नव्हत्या तशा. शेवटी तो सैनिक विचारत होता, माझ्या जागेवर कोण उभं राहील?

कविता तिथं अडली. प्रगतीचीही इथंच अडली असणार, असं मनात आलं आणि मला फार बरं वाटलं.

मी लिहिलं, "मी."

शिरूरच्या कविसंमेलनात ती वाचली. टाळ्या थांबेनात. प्रगतीनं वाजवल्या नाहीत. बाहेर येऊन तिनं माझं मनगट धरलं.

"शेवटी उत्तर का दिलंस गं?"

"जळतेस?"

तिनं मनगट सोडलं. डोळे पुसत निघून गेली. मला आणखी कविता हव्या होत्या, तिच्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळीच राहूला पोचले. स्वेटरवाला भिंतीवर नव्हता.

आबा स्टुलावर चढून वाटीत रंग कालवत होते.

"आलात बाई? लई वर्सं हुबा व्हता त्यो."

त्याच्या जागी एक बाई होती.

सकाळी कपाटातून पहिल्यांदाच काढून मी नेसलेली मोरपिशी साडीच तिच्याही अंगावर होती. मी हात लावून पाहिला. रंग ओला नव्हता. जुना होता, जागोजागी पोपडे धरलेला.

फक्त मानेच्या वर भिंत कोरी होती.

"जरा उजेडाकडं बघा," आबा म्हणाले.