आतून आत

टेबलावर अकरा ग्रंथालयं होती. म्हणजे त्यांचे बांधकामखर्च. सगळे मी एकाच वर्षाच्या भावांवर आणले, मग ज्याच्या-त्याच्या क्षेत्रफळानं भागले. नऊ एकमेकांच्या आसपास आली, एक महाग निघालं, आणि एक इतकं स्वस्त, की माझा विश्वासच बसेना. मी त्यावर लाल खूण केली आणि तिथल्या इंजिनिअरला बोलावलं.

तो आला तेव्हा बुटांवर सिमेंट होतं आणि चेहऱ्यावर भांडणाची तयारी.

"स्वस्तात बांधलं, हा माझा गुन्हा?"

"गुन्हा नाही. शंका आहे."

"माझ्यावर?"

"आकड्यावर," मी म्हणाले, आणि उगाचच आकड्याकडे बघत राहिले.

मग तो येतच राहिला. कधी सळ्यांची बिलं घेऊन, कधी रंगाची. फोनवर दोन मिनिटांत उरकलं असतं, त्यासाठी अर्धं शहर ओलांडून यायचा. प्रत्येक बिल बरोबर निघायचं, आणि मला — खोटं कशाला बोलू — वाईट वाटायचं. त्याला बोलावण्याचं एक कारण कमी व्हायचं.

"या एकाच इमारतीची इतकी काळजी?" आमच्या विभागप्रमुख बाई चष्म्यावरून म्हणाल्या. "बाकीची दहा काय सावत्र आहेत?"

शेवटचं बिल ठेवताना तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात माझी बदली आहे. धरणाच्या कामावर."

"लांब?"

"रात्रभराचा प्रवास."

मी घाईघाईनं नकाशा पुढे ओढला. खर्च बरोबर होता. म्हणजे चूक क्षेत्रफळातच. "आम्ही खोली आतून मोजतो. भिंतीच्या आतल्या बाजूपासून समोरच्या भिंतीच्या आतल्या बाजूपर्यंत. तुम्ही?"

त्यानं नकाशावर बोट फिरवलं. "...बाहेरून."

आणि भिंती तर जाडजूड. रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून त्यानंच तशा बांधून घेतलेल्या. तेवढी सगळी जाडी क्षेत्रफळात धरली गेली होती, म्हणून दर खाली आला होता.

"पुन्हा मोजावं लागेल," मी म्हणाले. आवाजातला आनंद कळू नये म्हणून खोकले.

रविवारी निघताना ताई दारात आडवी उभी. "भिंती मोजायला चाललीस ना? मग भिंतींना कानातले दाखवायचेत का?"

ग्रंथालयात अजून एकही पुस्तक आलं नव्हतं. रिकामी कपाटं, ताज्या पॉलिशचा वास, आणि प्रत्येक शब्दाचा घुमणारा आवाज. टेपचं टोक त्याच्याकडे, डबी माझ्याकडे. मी हळू मोजत होते. तोही कुठे घाईत होता... तरी खोल्या संपत आल्या. शेवटी मुलांची खोली उरली. तोवरच्या बेरजेत तिचं अंदाजे माप मिळवून दर काढला, तर तो त्या नऊ जणांत जाऊन बसला.

"म्हणजे माझं ग्रंथालय चारचौघांसारखंच," समोरच्या भिंतीपाशी टोक धरून तो म्हणाला.

"हो."

"आणि मी?"

टेप आमच्या मध्ये ताणलेली होती.

"तुमचं सांगता येत नाही. तुलना करायला दुसरं कुणी नाही माझ्याकडे."

"मग सरासरी कशी काढणार?"

"काढायचीच नाहीये." मी श्वास घेतला. "जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. पण रात्रभराचा प्रवास मला झेपतो. शनिवारी बसलं की रविवारी सकाळी... अर्थात, तुम्हाला चालणार असेल तर."

टेप एकदम सैल पडली.

"टोक सोडलंत?" मी वर पाहिलं.

सोडलं नव्हतं. ते हातात धरूनच तो माझ्याकडे चालत येत होता, आणि पट्टी सळसळत माझ्या मुठीतल्या डबीत शिरत होती. मग ती थांबली. पॉलिशच्या वासात आता सिमेंटचाही वास होता.

"सांग," तो अगदी हळू म्हणाला. "किती भरलं?"

मी मान खाली घालून वाचलं.

"एकतीस सेंटिमीटर."