वजन बरोबर, ब्लँकेटं कमी

"ताई, पोरगी कशावर झोपलीय, ते जरा उचलून दाखवता का?"

रविंद्रशेठ उंबऱ्यातच उभे होते. चपलाही काढल्या नव्हत्या. मुरबाडच्या एमआयडीसीतली विमानांची ब्लँकेटं धुणारी लाँड्री त्यांची, आणि दीप्तीचा नवरा महेंद्र त्यांच्याच टेम्पोवर ड्रायव्हर. त्यांच्या मागे लाँड्रीचा वॉचमन मंगळू मान खाली घालून उभा होता. हा माणूस एरवी दोन आळ्या पलीकडून "जयभीम वहिनी" म्हणत चहाला येणारा. आज तो डोळ्याला डोळा देत नव्हता.

दीप्तीने तीन महिन्यांच्या संघूला खांद्यावर घेतलं आणि खालचं कापड उचललं. जांभळं, जाड, मऊ. एक कोपरा कापून दुमडून शिवलेला.

"या कोपऱ्यात पांढरा बगळा असतो," शेठ म्हणाले. "विमान कंपनीचा. लाँड्रीत बाया बोलत होत्या, ते खरं निघालं. महेंद्र कुठंय?"

महेंद्र अर्धवट ओल्या डोक्याने मोरीतून बाहेर आला. ब्लँकेटकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"शेठ, आईशपथ, हे मी नाय आणलं."

"मग काय विमानातून पडलं?" शेठचा आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट होतं. "लाँड्रीतून वजन बरोबर निघतं. विमानतळावर मोजतात तर ब्लँकेटं कमी. मधल्या रस्त्यात गाडीत कोण असतं? तू. एकटा. दुपारी कंपनीच्या मॅडम येतायत. तोपर्यंत खरं सांगितलंस तर ठीक. नायतर माझ्या हातात काय राहत नाय, पोलीसच."

ते गेले. मंगळू जाताना दारात अडखळला, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण शेठच्या मागे निघाला.

दीप्तीने दार लावलं. संघू झाल्यापासून तिला एक सवय लागली होती. घरात येणारी प्रत्येक गोष्ट ती आधी हुंगून बघायची. दूध, दुपटी, पाहुण्यांचे हात. सासू हसायची, 'मांजरीण झाली' म्हणायची. आत्ता तिने दोरीवरचा महेंद्रचा कालचा शर्ट ओढला आणि खांद्याशी नाक नेलं.

कुबट. न वाळलेल्या दुपट्यांना येतो तसा वास.

"काय हुंगतेस गो?" महेंद्र म्हणाला.

"गठ्ठे खांद्यावरून चढवतोस?"

"मग काय डोक्यावरून?"

"वाटेत कुठं थांबतोस?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "तू बी?"

"विचारते तेवढं सांग."

"चहाला. पडघ्याला. गाडी समोर दिसते तिथनं. कुलूप शेठच्या हातचं, चावी विमानतळावर. मी दार उघडूच शकत नाय."

तो खरं बोलत होता का? चार वर्षांच्या संसारात तिने त्याचं खोटं दोनदाच पकडलं होतं, आणि दोन्ही वेळा तो कान खाजवत होता. आत्ता त्याचे हात मांडीवर पडून होते. पण मुलीच्या अंगाखालचं कापड चोरीचं निघाल्यावर नवऱ्याच्या हातांवर किती विश्वास ठेवायचा?

"ब्लँकेटं मोजत का नाहीत लाँड्रीत?"

"धुण्याचे पैसे किलोवर. मळकी आली की तोलायची, धुऊन गेली की तोलायची. वजनाला वजन लागलं की पावती. विमानतळावर बी आजवर कोण मोजत नव्हतं. आता तेल महागलंय ना, विमानाचं. कंपनीचा जीव घाबरा झालाय. फेऱ्या कमी केल्या, विमानातली मासिकं काढली, खाण्याच्या जड गाड्या बदलल्या. म्हणतात किलो किलोला तेल जळतं. आता हलकी ब्लँकेटं आणायचीत, म्हणून जुनी मोजायला घेतली. तेव्हा कळलं, कमी आहेत."

"आणि चोर सापडला नाही तर?"

"तर मी आत. आणि लाँड्रीचं काम काढून घेतील. चाळीस बाया घरी."

*

अंबूआत्या, महेंद्रची सख्खी आत्या, लाँड्रीत पॅकिंगला होती. शेजारच्याच घरात राहायची. कामाला निघण्याआधी भाकरी बांधत होती.

"आत्या, मी दवाखान्यात होते तेव्हा संघूसाठी जुनी कापडं तुम्हीच गोळा केली ना?"

"मग! पाच घरची. नव्या जिवाला नवं कापड लावत नाय. नांदत्या घरचं, पोरं वाढवलेलं, मऊ झालेलं पायजे."

"कुठली पाच घरं?"

आत्याने भाकरीची गाठ अर्धी सोडली. "का गो? मला चोर धरतेस?"

"तुम्हाला नाही. आठवा जरा."

"आपलं एक. मंगळूचं. जगदीश सुपरवायझरचं. धोंडाबाईचं. आन शाळेमागच्या भागीचं. सगळ्यांनी गठडीत टाकलं, कोणाचं काय ते मी कशाला बघू? बाळंतिणीला कोण नाय म्हणत नाय. एका कापडाचं पाणी मात्र राखाडी निघालं होतं, बाय. चार पाण्यांतून काढलं तवा तुझ्या पोरीला लावलं."

लाँड्रीतली माणसं दोन घरांत. मंगळू आणि जगदीश. आणि तिसरी ही समोर बसलेली.

"पॅकिंगला काही वेगळं जाणवतं का तुम्हाला हल्ली?"

"हातं गार पडतात. मधली ब्लँकेटं नीट सुकतच नायत. मी बोलले जगदीशला. म्हणला, आत्या, बॉयलरला भुशाचे ठोकळे लागतात, ते बी महागलेत, ड्रायर अर्धाच चालवायचा. शेठनं त्याचं कौतुक केलं सगळ्यांसमोर. दिवाळीला मिठाईचा मोठा बॉक्स त्यालाच."

आत्या निघाली. दीप्तीने जांभळं ब्लँकेट पिशवीत भरलं, संघूला झोळीत घेतलं आणि सासूच्या नजरेला उत्तर न देता आत्याच्या मागे रिक्षात बसली.

*

लाँड्रीच्या फाटकावर मंगळू स्टुलावर बसला होता. पुढ्यात चहा, चहावर झाकण.

"वहिनी, बाळाला घेऊन इकडं?"

"मंगळूभाऊ, सकाळी काय सांगणार होतात?"

"काय नाय." त्याने फाटकाकडे बघितलं. "महेंद्र तसा नाय, एवढंच. पण मी बोललो तर म्हणतील वॉचमनच सामील."

"तुम्ही सामील आहात का?"

तो इतका चमकला की चहा हिंदकळला. "वहिनी!"

"मग सांगा. या फाटकातून काय काय बाहेर जातं?"

"बाया जातात, त्यांचे डबे उघडून बघतो. शिव्या देतात मला. टेम्पोला शेठ स्वतः कुलूप लावतो. शेठची गाडी बी बघतो, मागची डिकी सुद्धा. एक धागा जाऊ देत नाय."

"आणखी?"

"आणखी काय, बॉयलरची राख. टोकावड्याकडचे लोक नेतात, भेंडीवर मारायला. आधी दोन-चार पोती जायची, आता जीप भरून जाते." त्याने कपावरचं झाकण उचलून आत पाहिलं आणि चहा ओतून दिला. "बघा, राख. पोती उघडून बघू गेलो एकदा, सगळी राख डोळ्यांत. तवापासून लांबूनच जा म्हणतो."

दीप्ती भातसानगरच्या कॉलनीत वाढली होती. वडील धरणावर कामाला. त्यांचं एक वाक्य तिच्या डोक्यात बसलेलं होतं: पाणी एका जागी जास्त दिसलं की समजायचं, दुसऱ्या जागी काहीतरी कमी झालंय.

फाटकाआड बॉयलरचं धुराडं दिसत होतं, त्याच्यामागे राखेची पोती उभी. वर धुराची एक बारीक रेघ. तिने पाठीमागे हात नेऊन पिशवी घट्ट धरली.

*

दुपारी पॅकिंगच्या हॉलमध्ये सगळे जमले. विमान कंपनीच्या मॅडम एका खुर्चीवर, घड्याळाकडे बघत. शेठ उभे. महेंद्र भिंतीला टेकून. पॅकिंगच्या टेबलापाशी अंबूआत्या आणि बायका. आणि वजनकाट्याजवळ जगदीश, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"वहिनी, तुमी कशाला त्रास घेतला?" जगदीश हळुवारपणे म्हणाला. "बाळाला वारा लागंल. महेंद्रनं कबूल केलं तर शेठ सांभाळून घेतील. मी पण शब्द टाकीन."

"शब्द नंतर टाका, जगदीशभाऊ. आधी हे काट्यावर टाका."

तिने घरचं जांभळं ब्लँकेट काढलं. काट्यावर ठेवलं. मग आत्याला म्हणाली, "आजच्या गठ्ठ्यातलं मधलं एक द्या."

आत्याने गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालून एक ओढलं. दीप्तीने पहिलं उतरवलं, दुसरं चढवलं. काटा सरळ पुढे पळाला. मॅडमनी घड्याळावरून नजर काढली.

"एकच माल, एकच माप," दीप्ती म्हणाली. "माझ्याकडच्याचा तेवढा कोपरा नाही. मग कोपऱ्यात एवढं वजन असतं का, शेठ?"

शेठनी गठ्ठ्यातलं ब्लँकेट उचललं, गालाला लावलं. "ओलं आहे."

"वरचं कोरडं, खालचं कोरडं, मधली सगळी ओलसर. तुम्ही वजनाला वजन लावता. दहातली दोन काढून घेतली आणि उरलेल्यांत पाणी ठेवलं, तर काट्याला काय कळणार? काटा बरोबर, ब्लँकेटं कमी. टेम्पोत चढण्याआधीच कमी. महेंद्र इथून पाणी भरून नेत होता आणि चोर ठरत होता."

मॅडम पहिल्यांदाच बोलल्या. "आमच्या प्रवाशांच्या वासाच्या तक्रारी आहेत. म्हणजे हे पाणी आम्ही विमानातून फिरवतोय? इंधनाच्या या भावात?"

"फुकट प्रवासी," बायकांतली एक पुटपुटली. कोणीतरी हसू दाबलं.

जगदीश मात्र मोकळं हसला. "शेठ, यात लपवलं काय मी? ठोकळे महाग, ड्रायर अर्धा चालवतो, तुमच्याच सांगण्यावरून. थोडी ओल राहिली असंल, चूक मान्य. पण ओल राहिली म्हणजे मी चोर? ब्लँकेट बाहेर गेलं कुठून? फाटकावर मंगळू धागा सोडत नाय."

"खरंय," दीप्ती म्हणाली. संघू कुरकुरली, तिने झोळी हलवत पुढे विचारलं, "ड्रायर अर्धा म्हणजे ठोकळे अर्धे जळतात?"

"अर्ध्याहून कमी. विचारा शेठला. किती वाचवले मी."

"खरंय का, शेठ?"

"हो. ठोकळ्यांची गाडी आता क्वचितच येते."

"मग राख दुप्पट कशी निघते?"

जगदीशचा हात खिशातल्या पेनांकडे गेला आणि तिथेच थांबला.

"माझ्या मुलीच्या ब्लँकेटचं पहिलं पाणी राखाडी निघालं होतं," दीप्ती म्हणाली. "धुतलेल्या ब्लँकेटला राख कुठून लागली? मंगळूभाऊ म्हणतात, पोतं उघडलं की डोळ्यांत राख जाते, म्हणून कोणी आत बघत नाही. ड्रायर किती चालवायचा ते ठरवणारा माणूस एकच. राखेची जीप बोलावणारा पण तोच असणार. आज न्यायची पोती बॉयलरमागे उभी आहेत. मी येताना पाहिली."

"सगळीकडं नाक खुपसायचं!" जगदीश एकदम ओरडला. "कॉलेज केलं म्हणून—"

पण शेठ चालायला लागले होते.

पहिलं पोतं उपडं केलं. राख. दुसरं मंगळूने लाथेने आडवं केलं. वर ओंजळभर राख, आणि तिच्या खालून जांभळी घडी बाहेर आली. कोपऱ्यातला बगळा करडा झाला होता.

मग जगदीश खालीच बसला. माळशेजच्या वाटेवर त्याच्या मेहुण्याने पर्यटकांसाठी तंबू लावले होते. थंडीचा सीझन, जाड ब्लँकेटांना मागणी. "हलकी आली की ही जुनी ते फेकणारच होते," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "टाकाऊच होणार होती."

"आणि मी?" महेंद्र म्हणाला. "मी बी टाकाऊच ना रे?"



*

मॅडम गठ्ठे उघडायला लावून गेल्या. पुढची खेप मोजून आणि वाळवून पाठवा, मग बघू, म्हणाल्या. काम तूर्त राहिलं. संघूचं ब्लँकेट पोलिसांनी पुरावा म्हणून नेलं.

संध्याकाळी महेंद्र ओट्यावर बसून होता.

"सकाळी तुला माझ्यावर संशय आला होता," तो म्हणाला.

"आला होता."

"आता?"

"शर्ट भिजत घातलाय. वास निघेल."

त्याने कान खाजवला. "राग नाय आला मला."

"खोटं बोलतोस," ती म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली.

मागच्या दाराची कडी वाजली. जगदीशची बायको दामिनी उभी होती. डोळे सुजलेले, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. हातात धुवून मऊ झालेल्या हिरव्या लुगड्याची घडी.

"ते ब्लँकेट मीच दिलं होतं गठडीत," ती म्हणाली. "घरात होतं ते. कोपरा कापलेला, मला वाटलं जुनं असंल. आत्यानं मऊ मागितलं, मी सगळ्यात मऊ दिलं. मला ठाव नव्हतं, दीप्ती."

आत संघू पातळ सतरंजीवर चुळबुळत होती.

"हे माझ्या आईचं लुगडं हाय. माझी दोन्ही पोरं याच्यावर वाढली." दामिनीने हात पुढे केला, पण पूर्ण नाही. "नको असंल तं तसं सांग."

सकाळपासून दीप्तीने प्रत्येक कापडाला नाक लावलं होतं, प्रत्येक माणसाला प्रश्न. तिने घडी घेतली. हुंगली नाही. आत गेली, सतरंजीवर अंथरली आणि संघूला तिच्यावर ठेवलं.

"वहिनी, आत या," ती म्हणाली. "दारात उभ्या राहू नका. वारा आत येतो."