फुलाला गोडं पाणी

तो आला तोच रिकामी बादली घेऊन. लॉजच्या मागच्या दारात अंगावरचा पाऊस झटकत म्हणाला, "माशांची टाकी रिकामी करायला सांगितलंय मालकिणीनं."

"माझ्या बाबांची टाकी?" न्याहारीच्या तळलेल्या माहामरी पावांचं ताट मी दाणकन् खाली ठेवलं.

माझे बाबा केनियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या शिमोनीतले नावाजलेले पाणबुडे. टाकीतलं समुद्रफूल त्यांनीच लॉजसाठी खडकावरून अलगद सोडवून आणलं होतं, सोबत दोन नारिंगी मासे. गेल्या वर्षी बाबा बुडी मारायला गेले ते परतलेच नाहीत. त्यांच्या हातचं जिवंत असं हे फूलच काय ते उरलं होतं... आणि आता तेही आक्रसून मुठीएवढं झालं होतं.

"मेलं तर पाणी नासेल, मासेही जातील," तो म्हणाला. हा अथमान, लामू बेटावरचा. मासे परदेशी पाठवणाऱ्या शेडमध्ये पाण्याचं बघायचा, म्हणून मालकिणीनं त्याला बोलावलं होतं.

"मेलेलं नाही ते! आधी बघा तरी!"

त्यानं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. मग खिशातला, खारेपणा मोजायचा काचेचा काटा पाण्यात सोडला. तो भलताच वर तरंगला.

"समुद्रापेक्षा खारट झालंय हे. काय घालता यात?"

"समुद्राचंच पाणी! रोज पहाटे मी स्वतः भरतीचं आणते. समुद्रातल्या जिवाला दुसरं काय घालणार — चहा?"

तो हसला नाही. "टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. त्यावर तुम्ही रोज नवं मीठ ओतताय. उडालं तेवढं गोडं पाणी घालायचं असतं."

"म्हणजे... मीच मारतेय त्याला?"

"आपण किनाऱ्यावरची माणसं. समुद्राच्या जिवाला गोडं पाणी घालावं, हे सुचणार कसं? चला, पातेलं आणा."

आम्ही अंगणात पातेली धरून उभे राहिलो. छप्पर गंजकं, त्यामुळे थेट आभाळाचंच पाणी हवं होतं.

"तुमची अंगावरची लेसो भिजतेय."

"भिजू दे. तुम्ही पातेल्याकडे बघा."

"पातेल्याकडेच बघतोय... बहुतेक."

मी घाईघाईनं सगळं पाणी टाकीत ओतणार, तेवढ्यात त्यानं माझं मनगट धरलं. "हळू! एकदम बदललं तर सोसणार नाही त्याला. थोडं खारं काढायचं, थोडं गोडं घालायचं. रोज." मनगट सोडायला त्यानं जरा उशीरच केला. मीही ओढून घेतलं नाही.

"मालकिणीला काय सांगाल?"

"बादली फुटकी निघाली म्हणून."

मग तो रोज येऊ लागला. मी आल्याचा चहा करून ठेवायची आणि विचारलं की म्हणायची, "उरला होता." काटा थोडा थोडा खाली उतरत होता, फूल मात्र तसंच मिटलेलं.

एक दिवस मला राहवलं नाही. "नाहीच जगलं तर?"

त्यानं काटा पाण्यात सोडून पाहिला. "तर मी तुमच्याबरोबर बसून रडेन. पण आज नाही. आज काटा जागेवर आलाय."

त्यानंतर एका दुपारी मी ताटं विसळत होते, आणि त्यानं हाक मारली, "म्वानाकोंबो!" नावानं... पहिल्यांदाच.

फूल उघडलं होतं. बोटाएवढे हात पाण्यात झुलत होते आणि नारिंगी मासा त्यांच्यात अंग घुसळत होता. मी लेसोचा पदर तोंडात कोंबला आणि रडले. बाबा गेले तेव्हाही अशी रडले नव्हते. अथमान शेजारी येऊन उभा राहिला.

मग त्यानं बादली उचलली. "झालं माझं काम."

"झालं कसं? पाणी रोज उडणार नाही का?"

तो दारातच थांबला. "मग... रोज येऊ?"

"असं मागच्या दारानं नाही," मी डोळे पुसले. "घरची मोठी माणसं घेऊन या. आईला रीतसर विचारा. आणि ते बाबांच्या फुलासमोर विचारा... त्यांनाही कळू दे."

अथमाननं बादली पुन्हा टाकीपाशी ठेवली आणि तसाच भर पावसात लामूची बस गाठायला निघाला.