गाळलेलं अकरावं प्रकरण

कुंभारआळीच्या नळाला सहा दिवस थेंब नव्हता, आणि टाकीवरचं यंत्र म्हणत होतं, सगळं ठीक आहे. झडपा आता तेच उघडायचं, तेच मिटायचं. त्या हाताने फिरवायची चाकं यंत्र बसवणाऱ्या कंपनीने कधीच काढून नेली होती. "यंत्र चुकत नाही हो, ताई," कंपनीचे खाडिलकर फोनवर म्हणाले. मेहरुन्निसा तांबोळीचं टाळकंच सरकलं. वीस वर्षं तिने या झडपा फिरवल्या होत्या.

"मग त्याची भाषाच शिकते मी!" म्हणत तिने तडक वाचनालय गाठलं.

ग्रंथपाल डिग्रजकरकाकांनी यंत्राच्या 'सूत्रिका' भाषेची दोन पाठ्यपुस्तकं पुढे ठेवली. एक सहाशे पानांचं छापील धूड. दुसरं 'सोबती', काचेचं एकच पान. ते वाचणाऱ्याचा चेहरा बघायचं आणि कपाळाला आठी पडली की मजकूर सोपा करून द्यायचं.

"सगळे हेच नेतात. चार दिवसांत संपतं," काका सोबतीकडे बोट दाखवत म्हणाले.

तिनेही तेच नेलं. हसतखेळत संपलंसुद्धा! मग तिने यंत्राची सूत्रं उघडली. ओळ न् ओळ कळली, आणि ओळ न् ओळ बरोबरच वाटली. 'जिथून तक्रार नाही, तिथे गरज नाही,' हीसुद्धा.

"काका, चूक शोधायची कशी, हे यात कुठंच नाही!"

काकांनी छापील पुस्तकाची अनुक्रमणिका काढली. अकरावं प्रकरण: 'आपलाच नियम खोटा पाडून पाहा'. मग त्यांनी सोबतीची नोंद तपासली. तीनशे बारा वाचक झाले होते, पण अकरावं प्रकरण एकालाही दिसलेलं नव्हतं.

"सोपं करूनही आठी जाईना, की गाळूनच टाकतं वाटतं," काका पुटपुटले.

"आणि सांगत नाही?"

"सांगितलं तर आठी पडेल ना!"

मेहरुन्निसाने धूड उचललं. अकराव्या प्रकरणातलं तिसरं उदाहरण पाचदा चुकलं. ती रडकुंडीला आली, पण जागची हलली नाही. सहाव्यांदा जमलं, तेव्हा तिने यंत्राची एकेक ओळ खोटी पाडायला घेतली. तक्रारीच्या ओळीशी येताच ती उठून कुंभारआळीत, नळाशेजारी राहणाऱ्या सोनाक्काकडे गेली.

"सोनाक्का, पाण्याची तक्रार का नाही केली?"

"मागं पाणी कमी यायला लागलं, तवा दोन महिने केली की गं. कुणी ऐकंना, मग दिला नाद सोडून."

टाकीवर परतून तिने ती ओळ स्वतःच्या हाताने बदलली. झडप करकरली, आणि खाली आळीतून पोरींचा गलका उठला. तिचे डोळे भरून आले. मग तिने फोन लावला.

"खाडिलकर, ही ओळ लिहिणारे कुठल्या पुस्तकावर शिकले?"

"सोबतीवर. सगळेच. का हो?"

"आणि हे यंत्र किती गावांत आहे?"