पात्याच्या आत एक माणूस

हे मी रचून सांगत नाहीये. रचायचंच असतं, तर शेवट तरी जरा बरा केला असता.

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. डेन्मार्कमधल्या आल्बोर्गजवळचा आमचा हॉल. दुपारची वेळ, पण बाहेर काळोख पडायला लागला होता.

आम्ही पवनचक्कीची पाती तपासतो. पात्याचं बूड भिंतीला बोल्टांनी पक्कं करायचं आणि महिनोन्‌महिने ते वरखाली झुलवायचं. पातं आतून पोकळ असतं. बुडाशी माणूस आरामात उभा राहील एवढं, आणि आत शिरायला तिथेच एक छोटं दार.

धप्प... धप्प...

या आवाजाची इतकी सवय, की तो थांबला की जीव कासावीस होतो.

त्या दिवशी तो आम्हीच थांबवला. आतला एक सेन्सर सुटला होता. बेंटे, माझी मैत्रीण, टॉर्च घेऊन आत शिरली. मी कॉम्प्युटरपाशी बसले.

तेवढ्यात मेल आला.

ना रंग, ना सही. साधी अक्षरं.

"आत एक माणूस आहे."

पाठवणारा... चाचणी चालवणारा आमचाच प्रोग्रॅम.

आमचा प्रोग्रॅम चित्रासारखा आहे. चौकोन मांडायचे, तारांनी जोडायचे. मेल पाठवणाऱ्या चौकोनाची तार मी उन्हाळ्यातच काढून टाकली होती. रोज उठून मेल, वैताग नुसता!

बेंटे बाहेर आली. "तोंड का गं असं? शिळा मासा खाल्लास की काय?"

मी स्क्रीन दाखवला. ती हसली. "माझ्यावर नजर ठेवतोय मेला!"

आणि पुन्हा मेल...

"आत एक माणूस आहे."

बेंटे तर माझ्या शेजारी उभी होती.

आमचा साहेब आयनार आला. त्याने स्वतः आत जाऊन कानाकोपरा पाहिला. कोणी नाही. हॉलमध्ये आम्ही तिघंच.

प्रोग्रॅममध्ये बल्बचं चित्र असलेलं एक बटण आहे. तो लावला की तारांवरून माहिती ठिपक्यासारखी सरकताना दिसते. मी लावला.

सगळ्या तारा शांत.

फक्त मेलच्या त्या सुटलेल्या चौकोनाकडे... एक ठिपका हळूहळू सरकत होता. तार नसलेल्या कोऱ्या जागेवरून.

तिसरा मेल. तेच वाक्य.

मी प्रेबेनला फोन लावून मेल वाचून दाखवले. प्रोग्रॅम त्यानेच बनवलेला, आता निवृत्त झालाय.

"प्रेबेन, हा तुझा चावटपणा आहे का?"

"अगं, मी तिथे एकच वाक्य ठेवलं होतं. 'चाचणी थांबली.' सोल्वाय, चालू करू नका. माझं ऐक."

"पुरे झाली भुताटकी!" आयनार वैतागला. "उद्या गिऱ्हाईक दारात उभं राहील, त्याला काय सांगू? सगळं पाहिलंय मी!"

"आयनार, नको रे," बेंटे म्हणाली. "खरंच कोणी असलं तर?"

त्याने बटण दाबलं.

धप्प... धप्प...

आणि मधेच... ठक.

आतून.

ठक. ठक. ठकठकठक... हाताने दार बडवावं तसं.

"थांबव!" बेंटे किंचाळली. आयनारने धडपडत बटण दाबलं. पण एवढं मोठं पातं, एकदम थोडंच थांबतंय? ते झुलतच राहिलं.

बडवणं मंदावलं.

मग बंद झालं.

पातं त्यानंतरही हलत होतं.

आम्ही धावलो. दार उघडलं. आत काहीच नव्हतं. रक्त नाही, ओरखडा नाही. मी कॉम्प्युटरपाशी परत आले, तर स्क्रीनवर नवा मेल होता.

"आत आता कोणी नाही."

त्यानंतर एकही मेल आला नाही. चाचणी पूर्ण झाली, पातं पासही झालं. मी अजून तिथेच नोकरी करते. पण बटण माझ्या हातून दाबलं जात नाही, आणि बेंटे तर कामावरच येत नाही.

परवा तिचा फोन आला होता. बराच वेळ नुसती रडत होती.

मग म्हणाली, "सोल्वाय, तीनदा सांगितलं गं प्रोग्रॅमने. आपण जरा थांबलो असतो, तर तो आतला माणूस बाहेर आला असता का?"