पहिलं, तिसरं, पाचवं बटण

लॉन्ड्रीचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात खालून वाकून इन्स्पेक्टरबाई आत आल्या.

"त्या नटाच्या बंगल्याचा गेटमन गेला. काल संध्याकाळी गावातल्या त्याच्या खोलीत सापडला, पलंगावर. अंगात धुतलेला शर्ट आणि कॉलरच्या आत तुमच्या दुकानाची खूण."

माईंच्या हातातली किल्ली खाली पडली. तोंड मात्र जागेवर होतं.

"आमची खूण अर्ध्या गावाच्या कॉलरीत आहे. माणूस गेला की शर्टाला आम्ही जबाबदार?"

"शर्टाला नाही. पण तुमच्या जिवाला मी आहे जबाबदार, माई."

ते मात्र खरं होतं. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या नटावर बायकोच्या खुनाचा खटला चालला होता. कोर्टाबाहेर लोक डबे घेऊन बसायचे, इतका गाजला. तिघांच्या साक्षींवर नट सुटला. ड्रायव्हर म्हणाला, साहेब त्या वेळी माझ्या गाडीत होते. गेटमन म्हणाला, त्या संध्याकाळी गेट उघडलंच नाही. आणि माई म्हणाल्या, साहेबांचा शर्ट धुवायला आला तेव्हा त्यावर डाग नव्हता.

आता वरच्या कोर्टाने खटला नव्याने चालवायला सांगितला होता. तीन आठवड्यांपूर्वी ड्रायव्हर जिन्यावरून पडून गेला. आता गेटमन. उरल्या माई.

"नट कुठे आहे?" माईंनी विचारलं.

"महिनाभर परदेशात. शूटिंग चालू आहे. तो नाही." बाईंनी फोटो काउंटरवर ठेवला. "डॉक्टर म्हणतात, परवा दुपारी गेला. वाटतं कसं, झोपेतच गेला. पण हा शर्ट बघा."

फोटोत गेटमन उताणा पडला होता. पांढऱ्याशुभ्र शर्टाचं पहिलं बटण लावलेलं, दुसरं उघडं, तिसरं लावलेलं, चौथं उघडं, पाचवं लावलेलं. खालची दोन उघडी.

माईंनी बटणं पुन्हा एकदा मोजली.

मागून सून डोकावली. ती माईंच्या थोरल्याची बायको. थोरला नटाचा मॅनेजर होऊन बंगल्यावर राहायला गेला, तेव्हा बायकोला माईंच्या गळ्यात बांधून गेला होता.

"घडीचा शर्ट डोक्यातून तसाच घातला असेल," सून म्हणाली. "बटणं काढायचा आळस. तुमचा मुलगा तेच करायचा."

"तसं नाही होणार, वहिनी." हे वाफ्या बोलला. वाफेच्या इस्त्रीवर दिवसभर उभा असतो म्हणून त्याला सगळे वाफ्याच म्हणत. "आपण वरचं एकच बटण लावून पिशवीत घालतो. धुवायचं मशीन आलं तेव्हापासून. बारा वर्षं झाली."

"म्हणजे बाकीची दोन कोणीतरी मुद्दाम लावली," बाई म्हणाल्या. "अशी एकाआड एक कोण लावतं, माई?"

"मला काय ठाऊक!"

खोटं बोलताना माईंचा आवाज कधीच कापत नसे. आजही कापला नाही. त्याचीच त्यांना पहिल्यांदा लाज वाटली.

बाई फोटो उचलता उचलता म्हणाल्या, "अजून एक. ड्रायव्हर एकटा राहायचा, गेटमनही एकटाच. दोघांच्याही मोरीवर दोन-दोन कप, धुऊन पालथे घातलेले. मारणारा चहा पितो आणि भांडी घासून जातो! असा पाहुणा आमच्या घरी कधी येत नाही."

सून हसली. माई हसल्या नाहीत.

बाई गेल्यावर त्या मागच्या खोलीत गेल्या. मोठ्या मशीनचा पट्टा तुटून तीन दिवस झाले होते. मशीनसमोर धुवायचे कपडे तसेच पडून होते. त्यांत थोरल्याची पिशवी होती. परवा संध्याकाळी तो स्वतः घेऊन आला होता, तीन महिन्यांनी. तेव्हा सून फणकारली होती, "बंगल्यावर दोन-दोन मशीनं आहेत, आणि बोचकं इथे?"

माईंनी पिशवी उपसली. थोरल्याचे कपडे चाळीस नंबरचे. तळाशी एक निळा शर्ट निघाला, चव्वेचाळीसचा. छातीवर चहाचा वाळलेला डाग, कॉलरवर ओकारी.

त्या पालथ्या बादलीवर बसल्या. त्यांना चार वर्षांपूर्वीचा दुसरा शर्ट आठवला. तोही थोरल्यानेच आणला होता. "टोमॅटोचा रस सांडलाय गं साहेबांच्या अंगावर." माई म्हणाल्या होत्या, "असेल." रसाच्या डागाला त्या गरम पाणी घेत. त्या दिवशी हाताने आपोआप गार पाणी घेतलं होतं. रक्ताला घेतात तसं.

हाताला कळलं होतं. तोंडाने कोर्टात सांगितलं, डाग नव्हता. महिन्याभरात थोरला मॅनेजर झाला, आणि माई गल्लीतून मान ताठ ठेवून चालू लागल्या.

दुपारी त्यांनी दोन फोन केले.

थोरला आला तो थर्मास घेऊनच. काउंटरशी इन्स्पेक्टरबाई बसलेल्या पाहून दारातच थबकला.

"ये रे. बाई तुझीच वाट बघतायत. बंगल्यातल्या माणसांची चौकशी आहे." माईंनी एक इस्त्रीचा शर्ट त्याच्यापुढे सरकवला. "तोवर एवढी घडी घालून दे. वाफ्या जेवायला गेलाय."

"आता घडी? आई, मी मॅनेजर आहे!"

"इथे माझा मुलगा आहेस. घाल."

त्याने शर्ट ओढून घेतला.

"गेटमनला शेवटचं कधी पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"महिना झाला असेल. साहेब परदेशात गेले तेव्हाच त्याला सुट्टी दिली."

"परवा दुपारी कुठे होतात?"

"बंगल्यावर. हिशेब... म्हणजे, कामं असतात. आई, मी तुला न्यायला आलोय. इथे तुझ्या जिवाला धोका आहे. चार दिवस माझ्याकडे राहा, आराम कर. चहा आणलाय बघ, आलं घालून."

बोलता बोलता त्याची बोटं चालली होती. पहिलं बटण. दुसरं सोडून तिसरं. चौथं सोडून पाचवं. मग त्याने शर्ट पालथा केला.

बाईंनी त्या शर्टाशेजारी हळूच फोटो ठेवला.

थोरल्याने फोटो पाहिला, शर्ट पाहिला, आणि हात मागे घेतला. भाजल्यासारखा.

"सहा वर्षांचा होतास," माई म्हणाल्या. "साबणाच्या खोक्यावर बसून बटणं लावायचास. घडी सुटू नये म्हणून तीन लावायची ही तुझ्या आजीची रीत. मशीन आलं, कपडे वाढले आणि रीत गेली. वाफ्या नंतर आला, तुझी बायको त्याच्याही नंतर. ही रीत येणारे आता दोघंच. परवा दुपारी मी इथे मशीनवाल्याशी भांडत होते, सगळ्या गल्लीने ऐकलं. राहिलास तू."

"आई, काहीतरीच काय बोलतेस?"

"साक्षी तू जुळवल्यास. खटला पुन्हा उभा राहिला की तिघांतलं एक जरी खरं बोललं, तर साहेबाच्या आधी तू आत जाशील. म्हणून ओळखीचा पाहुणा होऊन गेलास. चहात झोपेचं औषध घातलंस. ड्रायव्हरला जिन्यापर्यंत आणून सोडलंस. गेटमन ओकला. तसाच ठेवला असता तर संशय आला असता, म्हणून शर्ट बदललास. मन दुसरीकडे होतं आणि हात लॉन्ड्रीतले होते. कप धुतलेस, कारण उष्टं टाकून उठायचं नाही हे मीच शिकवलं होतं. आणि घाण शर्ट आणलास माझ्याकडे."

"माई, हे सिद्ध कसं करायचं?" बाईंनी विचारलं.

माईंनी काउंटरखालून निळा शर्ट काढला. "धुतलेला नाही. डाग तपासून घ्या. आणि हा थर्मासही न्या."

थोरला स्टुलावर बसला. मागच्या दारात सून तोंडाला पदर लावून उभी होती.

"चहात काही नाही गं," तो पुटपुटला. "तुला मी काही केलं नसतं, आई."

"झाकण मी उघडणार नाही. मला ते कळून घ्यायचं नाही."

बाईंनी निळा शर्ट पिशवीत घातला. मग थोरल्याने विचारलं, "तू धुतला का नाहीस? तू तर कधीच विचारत नाहीस."

तेवढं मात्र माईंना लागलं. चाबकासारखं.

"मशीन बंद होतं," त्या म्हणाल्या. "पट्टा तुटला नसता तर धुतलाच असता मी. न विचारता. बाई, हे पण लिहून घ्या. तो शर्ट राहिला तो काही माझ्या शहाणपणाने नाही."

"तुमचा जबाब नंतर घेते, माई."

"नंतर नाही. आधी माझा." माईंनी हात काउंटरवर ठेवले, उघडे, बाईंना दिसतील असे. "लिहा. चार वर्षांपूर्वी साहेबांचा शर्ट आला. त्यावर डाग होता. रक्ताचा. मी गार पाण्याने धुतला."